चालवणार कोण?

१

जुनी गाडी बघायला गेलं की पारखी आधी तोंड उघडत नसे. नमस्कार-चमत्कार नाही, चहा नाही, कागदपत्रं नाहीत. सरळ गाडीपाशी जायचं, उकिडवं बसायचं आणि उजव्या हाताचा तळवा इंजिनवर टेकवायचा. इंजिन गार लागलं तर मालकाशी बोलायचं. गरम लागलं तर चपला घालायच्या आणि घरी यायचं.

आता एवढं कशाला, असं कोणालाही वाटेल. पण टू-स्ट्रोक इंजिनची दुखणी कळतात ती ते गार असतानाच. पहिली किक कशी बसते, धूर कसल्या रंगाचा येतो, पिस्टन आत खडखडतो की काय, हे सगळं पहिल्या दोन मिनिटांतलं. लबाड मालक काय करतो, तर गिऱ्हाईक यायच्या अर्धा तास आधी गाडी तापवून ठेवतो. मग एका किकेत फुर्रर्र! गिऱ्हाईक खूश, आणि घरी नेल्यावर आठ दिवसांत डोक्याला हात. पारख्याच्या डोळ्यांत मात्र अशी धूळ फेकणारा अजून जन्माला यायचा होता. निदान तो तरी तसं छातीठोक सांगे.

पारखी हे काही त्याचं नाव नव्हे. पण तीस वर्षं मातीच्या शर्यतीतल्या जुन्या मोटारसायकली शोधून त्यांची किंमत ठरवून देण्यात गेली आणि मूळ नाव कोणी घ्यायचंच बंद झालं. शौकीन लोक गाडी घेण्याआधी त्याला पाठवत. तो दोनदा जाई. पहिल्या फेरीत सगळ्या खुणा वहीत टिपून घेई, पेन्सिलीने चित्रं काढून: टाकीवर गुडघ्याने उडालेला रंग, मुठीच्या रबरावर बोटांनी पडलेल्या खाचा, सीटवरचा खळगा, चिरा, चरे. दुसऱ्या फेरीत वहीशी ताडून बघे. कारण सौदा ठरल्यावर चांगला कार्बोरेटर काढून भंगारातला बसवणारी मंडळीही कमी नाहीत. शिवाय त्या खुणांवरून चालवणारा माणूसही कळतो. बुटका की उंच, डावखुरा की उजवा, ब्रेकला घाबरणारा की गिअरशी भांडणारा. तो गाडीकडे नुसतं बघून सांगे, "हिचा मालक उजव्या पायाने लंगडत असणार," आणि मालक लंगडत बाहेर येई.

या खेपेला गाडी गिऱ्हाइकासाठी नव्हती. त्याच्या मुलीसाठी होती.

मुलगी तेवीस वर्षांची. घरात दोघंच, तिची आई जाऊन बरीच वर्षं झाली. आईनेच तिचं नाव ठिणगी पाडलेलं, आणि पोरगीही नावाला जागणारी. ऐन थंडीत पंखा फुल्ल लावून, पांघरूण लाथेने उडवून झोपायची. सहा वर्षांची असताना ती त्याच्या वर्कशॉपमध्ये खेळत होती आणि फिरत्या चेनमध्ये तिचा डावा हात गेला. करंगळी अर्धी गेली. चेन तपासायला त्यानेच चाक फिरवलं होतं. त्या दिवसापासून घरात गाडीचं नाव काढायचं नाही, असा त्याचा दंडक. सतरा वर्षं पोरीने हट्ट केला, अबोला धरला, रडून झालं. शेवटी या वर्षी तो म्हणाला, "बरं बाई. जुन्या गाड्यांच्या शर्यतीत उतर. पण गाडी मी बघणार, मी तपासणार. तोवर दुसऱ्या कुठल्या गाडीला हात लावायचा नाही."

"शपथ," ती म्हणाली होती आणि त्याच्या गळ्यातच पडली होती.

मग एके दिवशी नटबोल्टच्या दुकानातल्या फळ्यावर त्याला एक चिठ्ठी दिसली. जुनी टू-स्ट्रोक, मातीतली. अकरा वर्षं बंद. फक्त चालवणाऱ्यालाच विकणे आहे. खाली पत्ता, आणि किंमत. किंमत वाचल्याबरोबर त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. निम्मीसुद्धा नव्हती.

२

घर एका शांत गल्लीच्या टोकाला होतं. हिरवं लोखंडी फाटक, दोन पायऱ्या, दारावर पितळी कडी. गुरुवारची दुपार, ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. दार उघडणाऱ्या ठेंगण्याशा बाईंनी एकावर एक दोन स्वेटर घातले होते. पायांत लोकरीचे मोजे, अंगावर शाल. वय सत्तरीचं असेल.

"गाडी कुठाय, मावशी?"

त्यांनी मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. कपडे धुवायची जुनी खोली. सिमेंटची जमीन, कोपऱ्यात कोरडा हौद, एकच खिडकी आणि तीही उत्तरेला. मध्ये चादरीखाली गाडी. त्याने चादर ओढली आणि एवढा कसलेला माणूस, पण त्याच्या तोंडून "आई गं!" निघालंच.

चाळीस वर्षांपूर्वीची गाडी, आणि काहीही बदललेलं नाही. पिवळी टाकी, मूळ मडगार्ड, पोटाकडे फुगून शेपटीकडे निमुळता होत गेलेला मूळ सायलेन्सर. अशी गाडी त्याने आयुष्यात दोनदाच पाहिली होती. तो उकिडवा बसला आणि तळवा टेकवला.

इंजिन कोमट होतं.

फार नाही. मांजर उठून गेल्यावर गादी राहते, तेवढं. पण कोमट म्हणजे कोमट. त्याचं टाळकंच सरकलं.

"मावशी, मी येणार म्हणून कोणी सुरू केली ही? खरं सांगा."

"कोणी नाही हो. अकरा वर्षांत किक नाही मारलेली कोणी."

"मग हे काय आहे?"

बाईंनी शाल आणखी घट्ट ओढून घेतली.

त्याने टाकीचं झाकण उघडलं. आत पेट्रोलचा थेंब नाही, तळाला गंजाची पूड. कार्बोरेटरही खडखडीत कोरडा. मागे जाऊन त्याने सायलेन्सरच्या तोंडाशी वाकून पाहिलं. तिथे कोळ्याचं जाळं होतं, जुनं, धूळ बसलेलं, अखंड. इंजिन एकदा जरी फुरफुरलं असतं तरी त्याच्या चिंधड्या झाल्या असत्या.

आता कारण तर असलंच पाहिजे. ऊन? खिडकी उत्तरेला. भिंतीपलीकडे चूल, बंब? पलीकडे नुसतं अंगण. गाडीला खेटून एक लोखंडी बादली होती, तिला त्याने हात लावला. गार. जमिनीला लावला. गार. परत इंजिनला लावला. आपल्याच तळव्याला घाम आलाय, म्हणून तसं वाटतंय, असं त्याने स्वतःला बजावलं. हात विजारीला पुसून पुन्हा लावला आणि मग तो नाद सोडला.

एरवी त्याने इथेच चपला घातल्या असत्या. तीस वर्षांत एकदाही न मोडलेला नियम होता तो. पण डोळ्यांसमोर पोरीचा चेहरा आला, पिवळ्या टाकीवर हात फिरवणारी पोरगी आली, आणि त्याने खिशातून वही काढली.

खुणा टिपल्या. सीटचा खळगा पार पुढे, म्हणजे चालवणारा ठेंगणा. डाव्या मुठीच्या रबरावर चार बोटांच्या चार खाचा, बारीक, बाईमाणसाच्या असाव्यात तशा. मुठीच्या टोकाशी जुना आडवा काप, तो त्याने मुद्दाम मोठा करून काढला. काप काही बदलता येत नाही.

"आधी पुष्कळ येऊन गेले," दारातून बाई म्हणाल्या. "सगळे व्यापारी. मी परत पाठवले. चालवणार कोण, ते सांगा."

"माझी मुलगी."

"वय?"

"तेवीस."

"उंची किती? अंगाने कशी आहे?"

हे विचारणं त्याला वावगं वाटलं नाही. उंची आणि वजन कळल्याशिवाय शॉकअप बसवता येत नाही, हे गाडीवाल्याला कोणी शिकवायला लागत नाही. म्हातारी जाणकार दिसते, म्हणून उलट त्याला बरंच वाटलं. त्याने उंची सांगितली, वजन सांगितलं, ती जरा मागे रेलून बसते हेही सांगितलं. आणि वर म्हणाला, "डावी करंगळी अर्धी आहे तिची. क्लच तेवढा मऊ करून घ्यावा लागेल."

बाईंनी डोळे मिटले. मोज्यांतली पायांची बोटं एकदा हलवून पाहिली.

"बरं," त्या म्हणाल्या. "रविवारी या."

निघताना त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. पेला घेताना त्यांची बोटं त्याच्या बोटांना लागली, आणि पाण्यापेक्षा बोटं गार होती.

३

शनिवारी सकाळी ठिणगी स्वेटर घालून चहाला आली.

"हे काय गं सोंग?"

"थंडी वाजतेय."

"तुला? थंडी?"

"का, मला वाजू नये असा कायदा आहे का?" ती म्हणाली आणि कप दोन्ही हातांत धरून बसली. छताचा पंखा बंद होता. त्या घरात चहाच्या वेळी पंख्याचा आवाज नाही, असं त्याला आठवत नव्हतं.

त्याने कपाळाला लावायला हात पुढे केला तर ती मागे सरली. "काही ताप वगैरे नाही. तू आधी गाडीचं सांग ना. पिवळीच आहे ना?"

पिवळी आहे हे त्याने तिला सांगितलं होतं का? गुरुवारी रात्री जेवताना तो पुष्कळ बोलला होता. सांगितलंही असेल. त्याने मनाची समजूत घातली, पण समजूत काही नीट बसली नाही. पारख्याचा स्वभावच तसा. रस्त्यात कोणी ओळखीचं हसलं तरी हा मागे वळून खिसा चाचपायचा.

४

रविवारी तो हिरव्या फाटकाशी पोचायच्या आधीच बाईंनी त्याला पाहिलं होतं. दार उघडं होतं. आतून गुणगुणणं ऐकू येत होतं.

बाई बदलल्या होत्या. शाल नाही, स्वेटर नाही, मोजे नाहीत. अनवाणी पायांनी फरशीवरून चटाचटा चालत आल्या. गालांवर रंग होता. "या ना, या," म्हणत त्यांनी त्याचा हात धरूनच आत नेलं, आणि तो हात चांगला ऊबदार होता. गुरुवारच्या बाई या नव्हेतच, असं क्षणभर त्याला वाटलं.

"काय मावशी, बरं दिसतंय."

"हो," त्या म्हणाल्या आणि त्याच्याकडे न बघता मागच्या खोलीचं दार उघडून बाजूला झाल्या.

तळवा टेकवला. आता कोमट नव्हतं. थोड्या वेळापूर्वी विझवलेल्या शेगडीवरच्या तव्यासारखं, हात ठेवता येतो पण फार वेळ नाही, असं. टाकी कोरडीच. जाळं तसंच.

त्याने दात-ओठ खात वही उघडली आणि एकेक खूण ताडायला लागला. सीटपाशी थांबला. खळगा मागे सरकला होता, चांगला वीतभर. टाकीवर गुडघ्याने रंग उडालेली जागा वर चढली होती. आता चालवणारी व्यक्ती उंच होती, आणि जरा मागे रेलून बसणारी.

"सीट बदललीत!"

"कोणी हात लावला नाही हो गाडीला."

"आणि ही मूठ? ही पण बदललीत!" डाव्या मुठीवर तीनच खाचा होत्या. चौथ्या बोटाच्या जागी रबर नवं असावं तसं गुळगुळीत. तो तावातावाने वळला, तेवढ्यात त्याची नजर मुठीच्या टोकाकडे गेली. आडवा काप तिथेच होता. वहीतल्यासारखाच, तितकाच लांब, तसाच जरा वाकडा. मूठ तीच होती.

बाहेर शेजारी कोणीतरी फाटक लावलं, त्याचा आवाज आला. तो वहीतल्या चार खाचांकडे बघायचा, मुठीवरच्या तीन खाचांकडे बघायचा. आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अर्धी करंगळी! अस्सं! म्हणजे पोरगीच इथे येते. आपल्या पाठीमागे. ही म्हातारी तिला गाडी चालवायला देते आणि तोंड वर करून सांगते, कोणी हात लावला नाही. शपथ घेतली होती पोरीने, शपथ!

तीन दिवसांत कोणाच्याही बोटांनी रबराला खाचा पडत नाहीत, आणि पडलेल्या भरून तर कधीच येत नाहीत, हे तीस वर्षं रबर बघणाऱ्या माणसाला काय कळत नव्हतं? कळत होतं. पण राग आला की कळलेलं बाजूला पडतं. शिवाय राग बरा होता. तो नसता तर तिथे दुसरंच काहीतरी वाटायला लागलं असतं.

त्याने पाना काढून प्लग सोडवला, भोकात चिंधी कोंबली, प्लग शर्टाच्या खिशात टाकला. प्लगशिवाय इंजिन सुरू करून दाखवावं आता कोणीही. मग खोलीच्या दाराला स्वतःच्या पिशवीतलं कुलूप ठोकलं आणि किल्ली त्याच खिशात टाकली.

"बुधवारी येतो. तोवर माझी मुलगी इथे आली तर तिला सांगा, बापाला सगळं कळलंय."

बाई उंबऱ्याशी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा आता काही हसरा नव्हता.

"ती कशाला येईल इथे," त्या हळूच म्हणाल्या.

५

तो तिच्याशी दोन दिवस काही बोलला नाही. नुसता बघत राहिला. ती कामाला जायची, वेळेवर यायची. रोज एक कपडा जास्त. मंगळवारी तर स्वेटरवर त्याचं जाड जाकीट, पायांत दोन-दोन मोजे. डॉक्टरकडे जाऊन आली, त्यांनी अशक्तपणा आहे म्हणून गोळ्या दिल्या होत्या. पारख्याला मात्र त्या कपड्यांतच खोट दिसत होती. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर उजव्या पोटरीला चटका देतोच देतो, नवशिक्याला तर हमखास. हातांना फोड येतात. लपवायला अंगभर कपडे लागणारच!

बुधवारी दुपारी ती लवकर घरी आली. पायऱ्यांवर उन्हात बसली, गुडघे छातीशी घेऊन. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"पोटरी दाखव."

"काय?"

"उजवी पोटरी. भाजलीय ना? त्या म्हातारीकडे जाऊन गाडी चालवतेस ना तू? ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. मला मुठीवर तुझा हात दिसला."

ती भांडेल असं त्याला वाटलं होतं. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, मला ते घर कुठे आहे हे पण माहीत नाही."

"दाखव म्हणतो ना!"

तिने निमूटपणे विजार गुडघ्यापर्यंत सरकवली. पोटरीवर चटका नव्हता, ओरखडाही नव्हता. मग तिने दोन्ही तळवे उघडून त्याच्यासमोर धरले. मऊ, स्वच्छ, फोड नाहीत. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"हात लावून बघ की. गाड्यांना लावतोस ना? मी खोटी असेन तर कळेल तुला."

त्याने तिच्या पोटरीवर तळवा टेकवला.

ती गार होती. तापानंतर माणूस गार पडतं तशी नव्हे. भर उन्हात तासभर बसूनही ती गार होती, पहाटेच्या लोखंडासारखी, आतपर्यंत. त्याने दंडाला हात लावला, मानेला लावला. मानेखाली नाडी चालू होती, नेटाने चालू होती, आणि त्या नाडीसकट मान गार होती.

"अगं... कधीपासून?"

"शुक्रवारपासून. पोटात सारखं काहीतरी थरथरतंय, बाबा. बारीक बारीक. आणि दमायला होतं. नुसतं बसून दमायला होतं."

तो खाली तिच्याशेजारी बसला. आणि तेव्हा त्याला तिचा डावा हात दिसला. गुडघ्यावर ठेवलेला. त्याची तीन बोटं सावकाश मिटली, तशीच राहिली आणि सावकाश उघडली. त्याच वेळी मोज्यातला डावा पाय घोट्यात हलला. एकदा खाली. मग बोटं मिटली, पाय वर. बोटं मिटली, पाय वर. पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर.

तिला गिअर कुठल्या बाजूला असतो तेही त्याने कधी सांगितलेलं नव्हतं. ती समोर रस्त्याकडे बघत होती. आपला हात आणि पाय काय करतायत, तिकडे तिचं लक्षच नव्हतं.

६

तो हिरव्या फाटकाशी पोचला तेव्हा ऊन अजून पायऱ्यांवरच होतं. कुलूप त्याचंच, जसं लावलं तसं. प्लग खिशात. दार उघडल्याबरोबर तोंडावर ऊब आली. खोलीभर होती ती.

त्याने तळवा टेकवला आणि झटकन काढला. पोळला होता.

भोकातली चिंधी जागच्या जागी. जाळंही जागच्या जागी, पण आता ते हलत होतं. आतून कोणी हळूहळू फुंकर घालावी तसं फुगायचं आणि बसायचं. आवाज काहीच नव्हता. त्याने कान दिला. आवाज नव्हता, पण पायांखालची जमीन बारीक थरथरत होती, पायांच्या नखांना कळेल इतपत.

मग डाव्या मुठीसमोरचा क्लच त्याच्या डोळ्यांदेखत सावकाश आत ओढला गेला. आणि सीटचं कातडं बसलं. खळग्याच्या कडा आणखी जरा खचल्या, वर बसलेल्या माणसाने मागे रेलावं तशा.

त्याने डोळे मिटून घेतले. मिटायला नको होते, पण मिटले.

"थांबव," तो ओरडला. कोणाला ते त्यालाही माहीत नव्हतं. "थांबवा हे, मावशी!"

बाई दारात होत्या. अनवाणी, घरच्या सुती कपड्यांत.

"मला नाही थांबवता येत. मला आलं असतं तर मी अकरा वर्षं स्वेटर घातले नसते."

"माझ्या पोरीने तुमचं काय घोडं मारलंय?"

"काही नाही." त्या दाराला टेकून खाली बसल्या आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागल्या. "काही नाही हो. मला वाटलं, तुम्ही आलात, एवढं निरखून बघताय, वही आहे... तुम्ही स्वतःचंच सांगाल. मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, माझी मुलगी. तेव्हाच थांबवायला हवं होतं मी. पण माझे पाय गरम झाले. तुम्हाला नाही कळायचं. इतक्या वर्षांनी पाय गरम झाले, आणि माझं तोंडच उघडेना."

"तुम्ही कोणासाठी घेतली होती?"

"मुलासाठी," त्या म्हणाल्या. "चाळिशीचा आहे आता. ठणठणीत. दुसऱ्या देशात असतो, दर रविवारी फोन करतो. त्याला वाटतं, आईला थंडी सोसत नाही."

मुलाच्या जागी यांनी तेव्हा स्वतःचं सांगितलं होतं, हे त्याला न विचारताच कळलं. घरी पायऱ्यांवर पोरगी बसली होती. इथे क्लच पुन्हा आत ओढला जात होता.

तो गाडीपाशी उकिडवा बसला. त्याचे गुडघे कडकड वाजले. पोळलेला तळवा त्याने पुन्हा इंजिनवर टेकवला आणि या खेपेला काढला नाही.

"विचारा," तो म्हणाला.

"अहो, पण..."

"विचारा म्हणतो ना! गुरुवारी विचारलंत तसं."

बाईंनी पदराने नाक पुसलं. "चालवणार कोण?"

"मी."

"वय?"

"चोपन्न." मग त्याने उंची सांगितली, वजन सांगितलं. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांची केली तशी त्याने स्वतःची यादी वाचली. उजवा गुडघा आखडलेला, त्यामुळे ब्रेक उशिरा लागणार. डावा खांदा उतरलेला. हात दणकट, डाव्या हाताला बोटं चारही. डोळे अजून चांगले.

"काही खोड?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज आता शांत होता.

त्याने विचार केला. "संशय," तो म्हणाला. "पोरीवरसुद्धा घेतला मी. ते लिहून घ्या."

आधी काहीच झालं नाही. मग तळव्याची आग कमी व्हायला लागली, आणि त्याला वाटलं, इंजिन निवतंय. त्याने डावा हात बादलीला लावला. गुरुवारी ती गार लागली होती. आता तिची लोखंडी कड ऊन लागत होती.

पायांच्या बोटांपासून काहीतरी वर चढत होतं, नदीत उतरल्यावर चढतं तसं. बाई उठल्या. आत जाऊन त्यांनी लोकरीचे मोजे आणले आणि त्याच्यासमोर ठेवले.

"गाडी इथेच राहू द्या," त्या म्हणाल्या. "मी रोज चादर झटकत जाईन."

७

घरी आला तेव्हा दिवेलागण झाली होती. बाहेरूनच पंख्याची घरघर ऐकू आली आणि तो दारातच थांबला. जाकीट खुर्चीवर फेकलेलं होतं. स्वेटर जमिनीवर. ठिणगी बिनबाह्यांचा सदरा घालून फरशीवर पसरली होती आणि कलिंगडाच्या फोडी खात होती.

"बाबा! अरे, दुपारी एकदम बरं वाटायला लागलं. तू गेलास आणि तासाभरात. त्या गोळ्यांनी असेल." मग तिला दुपारचं भांडण आठवलं असावं, कारण ती जरा फुगून म्हणाली, "माफी मागितल्याशिवाय कलिंगड मिळणार नाही."

"चुकलो," तो म्हणाला. "चुकलो गं मी."

इतक्या पटकन मागेल असं तिला वाटलं नव्हतं. ती उठून बसली. "आणि गाडी? त्या गाडीचं काय?"

"नाही घेतली."

"का?"

"इंजिन गरम होतं."

तिचं तोंड एवढंसं झालं. पण बापाचा नियम तिला पाठ होता. तिने वाद घातला नाही. "दुसरी बघू मग," म्हणत तिने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं, आणि दचकून हात सोडला.

"बाबा! केवढा गार पडलाय तुझा हात!"

"बाहेर वारं सुटलंय."

वारं कुठे होतं? खिडकीबाहेर पान हलत नव्हतं. त्याने तिच्या दंडावर तळवा टेकवला. गरम लागला. त्याचा जीव भांड्यात पडला, आणि दुसऱ्याच क्षणी पडला तिथून निसटला. कारण त्याने तोच तळवा फरशीवर ठेवून पाहिला, आणि फरशीही गरम लागली. कलिंगडाची फोड गरम लागली. खुर्चीचा लोखंडी पाय गरम लागला. गारठलेल्या हाताला सगळंच गरम लागतं. पोरगी खरोखर ऊबदार आहे, की दुपारसारखीच गार आहे आणि आपला हात तिच्याहून गार, हे आता त्याला कळणार नव्हतं. आज नाही आणि पुढेही नाही.

तिचा डावा हात गुडघ्यावर होता. त्याने त्या बोटांकडे बराच वेळ पाहिलं. ती हलत नव्हती, बहुतेक.

"ठिणगे," तो म्हणाला, "खरं सांग. बरं वाटतंय ना तुला?"

"अगदी खरं. किती वेळा विचारशील?"

कोणाच्याही नुसत्या शब्दावर त्याने कधी काही घेतलं नव्हतं. त्याने मान हलवली. मग वाकून जमिनीवरचा तिचा स्वेटर उचलला, हातांना जरा आखूड होत होता तरी अंगात घातला, आणि पंखा बंद करू नकोस म्हणाला.